अंगणातल्या लिंबाचा खैऱ्या

आमच्या घरामागच्या अंगणात कागदी लिंबाचे एक झाड आहे. अम्मीने लावलेले. लावले तेव्हा वीतभर होते, आज छपराच्या वर गेले आहे. उन्हाळ्यात रमजान आला की गल्लीतल्या निम्म्या घरांचे सरबत या एका झाडावर होते, आणि एरवी शेजारच्या काकू पोह्यांसाठी हक्काने हात घालतात. २०१६ साली दोन कोरड्या वर्षांनंतर जालन्यात बऱ्यापैकी पाऊस झाला. झाड नव्या पालवीने नुसते भरून आले. आणि पंधरा-वीस दिवसांत त्या कोवळ्या पानांवर टाचणीच्या टोकाएवढे पिवळसर ठिपके दिसू लागले. मला आधी ते छानच वाटले. कवीला डागातही चांदण्या दिसतात, हा आमच्या जमातीचा दोषच आहे.

महिन्याभरात ठिपके तपकिरी झाले, फुगले, खरखरीत झाले. पानावरून बोट फिरवले की खरूज लागावी तसे हाताला लागे. भोवती पिवळे कडे. मग फांद्यांवर तेच, आणि शेवटी लिंबांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. एक पान खिशात घालून मी बियाणे-औषधांच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने पानाकडे एकदा पाहिले, म्हणाला, "खैऱ्या आहे, चाचा." आणि एक छोटी पुडी पुढे केली. एका बादलीत चिमूटभर टाका, मारा, झाले काम.

छापलेले वाचण्याची मला खोड आहे. घरी येऊन पुडीवरची बारीक अक्षरे वाचली. स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट नव्वद टक्के, टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड दहा टक्के. पहिले नाव वाचले आणि मी ओट्यावर खाली बसलो.

ते नाव माझ्या लहानपणीचे आहे. १९७९ च्या सुमारास माझ्या अब्बांना क्षय झाला होता. कंपाउंडर रोज सकाळी घरी यायचे, अम्मी काचेची सिरिंज आणि सुई पातेल्यात उकळून ठेवायची, आणि अब्बा भिंतीकडे तोंड करून सुई घ्यायचे. ती सुई स्ट्रेप्टोमायसिनची. महिने न महिने चालले होते ते. अब्बा बरे झाले, पुढे तीस वर्षे जगले. उजवा कान मात्र तेवढा मंद झाला. या औषधाने ऐकू येणे कमी होऊ शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. एका कानाच्या बदल्यात वडील मिळाले, असा तो सौदा होता. आणि आता तेच औषध मी पाच लिटरच्या पंपात घालून लिंबावर फवारणार होतो, त्यातले निम्मे मातीत गळणार होते.

पुडी मी फोडली नाही. पण झाडाला झाले आहे तरी काय, आणि त्यावर दुसरे काय करता येते, हे शोधायला लागलो. माझे शिक्षण बी.ए. पर्यंतचे. तेव्हा जे समजले ते माझ्यासारख्यालाच समजेल अशा भाषेत सांगतो.

झाडांना रोग लावणारे मुख्यतः तीन: बुरशी, विषाणू आणि जिवाणू. घरच्या बागेत आपण या तिघांना एकाच नावाने हाक मारतो, 'कीड लागली'. औषधही मग एकच, दुकानदार देईल ते. पण जिवाणूची ओळख थोड्या सवयीने पटते. त्याचा डाग आरंभी पाण्याने भिजल्यासारखा असतो. वर्तमानपत्राच्या कागदावर भज्याचे तेल उमटते ना, तसा. पान उजेडासमोर धरले की त्या जागी आरपार दिसते. अनेक रोगांत डाग पानाच्या शिरांपाशी अडतो, म्हणून गोल न राहता कोनाकोनांचा होतो. कडेला बहुधा पिवळी झालर असते. बुरशीच्या डागावर भुरी, काळे-पांढरे तंतू किंवा एकात एक वर्तुळे दिसतात. जिवाणूच्या डागावर असे काही नसते. दमट हवेत कधीकधी चिकट थेंब मात्र दिसतो, आणि त्या एका थेंबात लाखो जिवाणू असतात.

लिंबाच्या खैऱ्याचा जिवाणू झँथोमोनास या कुळातला. आमच्या घरात 'खैर' म्हणजे कुशल, येणाऱ्या-जाणाऱ्याची खैरियत विचारायची रीत. या रोगाचे नाव मात्र डागाच्या काताळ रंगावरून पडले असावे. मूळ मुक्कामही आपल्याकडचाच म्हणतात. लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतिसंग्रहात १८२७ ते १८३१ या काळात हिंदुस्थानातून गोळा केलेली महाळुंगाची वाळलेली पाने आहेत. १९३३ साली दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी ती तपासली, तेव्हा त्यांवर खैऱ्याचे डाग सापडले. म्हणजे रोगाला नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून तो आपल्या झाडांवर नांदत होता.

हा जिवाणू पानात शिरतो कसा, हे कळले की निम्मा उपाय कळतो. त्याला पाय नाहीत, पंख नाहीत. वाऱ्यासोबत आडवा येणारा पाऊस हेच त्याचे वाहन. जुना डाग भिजला की जिवाणू पाण्यात उतरतात, थेंब उडतो आणि शेजारच्या कोवळ्या पानावर पडतो. पानाला श्वासाची बारीक छिद्रे असतात, त्यांतून ते आत जातात. त्याहून सोपी वाट म्हणजे जखम: काट्याचा ओरखडा, कात्रीचा घाव, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे नागअळीने केलेली भोके. लिंबाच्या पानावर चंदेरी नागमोडी रेघा तुम्ही पाहिल्या असतील. मुले म्हणतात, गोगलगाय चालून गेली. गोगलगाय नव्हे, पानाच्या कातडीखालून पोखरत गेलेली अळी असते ती. तिने उघडे केलेले भुयार जिवाणूला आयतेच मिळते. आता जून-जुलै डोळ्यांसमोर आणा: पाऊस, वारा, नवी पालवी आणि नागअळी चारही एकाच वेळी हजर. पान जून, चिवट झाले की मग त्याला सहसा लागण होत नाही. धोका असतो तो कोवळेपणीच्या पाच-सहा आठवड्यांचा.

मग त्या पुडीने खैऱ्या बरा झाला असता का? डाग पडलेले पान कशानेच पूर्वीसारखे होत नाही. माणसाच्या जखमेवर खपली धरते, नवी कातडी येते. पानाचे तसे नाही. कुठलीही फवारणी पुढचे पान वाचवते, मागचे दुरुस्त करत नाही. हे मला फार उशिरा कळले, आणि दुकानात हे सांगायला कोणी बसलेले नसते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत मातीतल्याच एका सूक्ष्म जिवापासून मिळवले गेले. क्षयावर चाललेले ते पहिले प्रतिजैविक. त्यासाठी सेल्मन वॅक्समन यांना १९५२ चे नोबेल मिळाले. पुढे तेच शेतात आले. आता कोणतेही प्रतिजैविक फवारले की बहुतेक जिवाणू मरतात, पण एखादा चिवट उरतो. पुढची पिलावळ त्याचीच. १९७१ साली कॅलिफोर्नियातल्या नासपतीच्या बागांत या औषधाला न जुमानणारे जिवाणू सापडले. आणि जिवाणूंची एक खोड अशी की त्यांच्यातला चिवटपणा ते परक्या जातीलाही देऊन टाकतात, शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यावी तसा. लिंबावरून मातीत गळलेल्या औषधाने मातीतले जिवाणू असे शिकून तयार झाले, तर ती विद्या दवाखान्यापर्यंत जाणारच नाही याची हमी कोण देणार? ज्या औषधाने माझे वडील वाचले, ते उद्या कुणाच्या वडिलांवर चालणार नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये आदेश काढून स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनच्या शेतीतल्या वापरावर बंदी आणली. १ फेब्रुवारी २०२२ पासून आयात आणि उत्पादन थांबवायचे, आणि १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद, असे त्यात ठरले. तरीही जुन्या पुस्तिकांत, कपाटात जपलेल्या कात्रणांत 'दहा लिटर पाण्यात एक ग्रॅम' ही शिफारस तुम्हाला सापडेल. सापडली तर त्या ओळीवर काट मारून ठेवा. उरलेली कॅप्सूल फोडून कुंडीत टाकणारेही मी पाहिले आहेत. तेही तसलेच.

माझा एक मित्र अंबड तालुक्यात मोसंबी करतो. आपल्या जिल्ह्याची मोसंबी भौगोलिक मानांकन मिळवलेली. २०१२-१३ च्या दुष्काळात हजारो झाडे वाळून गेली, तेव्हा यानेही टँकरने पाणी घालून बाग जगवली होती. तो घरी आला, झाड पाहिले आणि म्हणाला, "भाई, तुला एक झाड आहे म्हणून तू निवांत. माझ्या बांधाला कुणी असलं लिंबू लावलं तर मला झोप लागणार नाही." खैऱ्या कागदी लिंबावर सर्वांत जोरात येतो, मोसंबीवर त्याहून कमी, संत्र्यावर आणखी कमी. पण येतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात १९९५ मध्ये हा रोग पुन्हा दिसला, आणि पुढे सरकारने नियम केला की रोगी झाडापासून १९०० फुटांच्या आतले लिंबू-संत्र्याचे प्रत्येक झाड तोडायचे, मग ते कुणाच्या परसातले का असेना. लोक कोर्टात गेले, दारात आडवे झाले. दीड कोटीहून अधिक झाडे गेली, आणि वादळांनी रोग दूरवर पसरवल्यावर २००६ च्या आरंभी तो कार्यक्रमच गुंडाळावा लागला. आपल्याकडे असा नियम नाही, आणि रोग इतका जुना असताना त्याचा उपयोगही नाही. पण परसातले झाड ही एकट्याची बाब नसते, एवढे मात्र मित्राच्या तोंडून मला पटले.

आता मी काय करतो ते सांगतो. मेच्या अखेरीस, पाऊस लागण्याआधी, कोरड्या दिवशी डाग असलेल्या फांद्या सिकेटरने कापतो. डागाच्या वीतभर खाली काप. प्रत्येक कापानंतर सिकेटरचे पाते स्पिरिटने पुसायचे, नाहीतर आपणच कंपाउंडर होऊन रोगाची सुई टोचत हिंडतो. कापलेले सगळे, खाली पडलेली पानेसुद्धा, गोळा करून जाळायचे किंवा हातभर खड्ड्यात पुरायचे. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायचे नाही. झाड त्या दिवशी भादरल्यासारखे दिसते. पहिल्या वर्षी अम्मी दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

मग बोर्डो मिश्रण. याचा जन्म मोठा गमतीचा आहे. फ्रान्समध्ये बोर्डो भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, का, तर निळी पाने पाहून वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आले की चोरांबरोबर रोगही त्या वेलींपासून लांब राहतो आहे. १८८५ मध्ये त्यांनी ते जगासमोर मांडले. एका झाडापुरते दोन लिटर पुरते. वीस ग्रॅम मोरचूद एक लिटर पाण्यात, वीस ग्रॅम कळीचा चुना विरवून दुसऱ्या एक लिटर पाण्यात. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नकोत. दोन्ही गाळून तिसऱ्या बादलीत एकाच वेळी ओतत ढवळायची. सुंदर आभाळी रंग येतो. त्यात लोखंडी चाकूचे पाते मिनिटभर धरून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. कमी चुन्याने पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे, शिळे चालत नाही. ही खटपट नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड मिळते, लिटरला तीन ग्रॅम. छाटणीनंतर एकदा आणि मग पावसाळ्यात नवी पालवी दिसली की महिन्याच्या अंतराने. भर उन्हात नको, उमललेल्या फुलांवर नको. तोंडाला फडके, डोळ्यांना चष्मा, आणि मोरचुदाची पुडी लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. ते विष आहे. तांबेही ऊठसूट मारू नये. त्यालाही न जुमानणारे जिवाणू परदेशात निघाले आहेत आणि मातीत साठलेले तांबे परत निघत नाही.

यापेक्षा फुकटचे उपाय जास्त कामाला येतात. पाणी बुडाशी द्या, नळीने झाडाला आंघोळ घालू नका. द्यायचेच तर सकाळी, म्हणजे उडालेले थेंब उन्हाने वाळतात. पाने ओली असताना झाडाला हात लावू नका, लिंबे तोडू नका. अम्मी दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू देत नसे. झाडे झोपतात म्हणे. झोपतात की नाही देव जाणे, पण पहाटेच्या दवात लिंबे तोडायची सवय आमच्या घरात त्यामुळे कुणालाच लागली नाही. वाऱ्याच्या बाजूला आडोसा असेल तर उत्तम.

आणि रोप घेताना डोळे उघडे ठेवा. माझे चुकले ते तिथेच. अम्मीच्या झाडाला सोबत म्हणून मी २०१५ मध्ये एका रोपवाटिकेतून दुसरे रोप आणले होते, पानांवर थोडे ठिपके होते, 'पोसलं की जातील' या आश्वासनावर. तेच घरात दुखणे घेऊन आले असावे. पानाची दोन्ही अंगे आणि खोड पाहिल्याशिवाय लिंबाचे रोप घेऊ नये. परभणीच्या कृषी विद्यापीठाची प्रमालिनी आणि राहुरीची साई सरबती या जाती खैऱ्याला पुष्कळ अंशी तोंड देतात, त्या मागून घ्या.

लिंबावर जास्त बोललो, कारण ते घरोघर असते. पण टोमॅटो आणि वांग्याचे एक लक्षात ठेवा. हिरवेगार रोप एका दुपारी मान टाकते, पाणी घातले तरी उठत नाही, आणि पाने पिवळीही पडलेली नसतात. अशा रोपाचे खोड बुडापाशी कापा आणि तो तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात अलगद धरा. काही मिनिटांत कापातून दुधाची बारीक धार खाली उतरताना दिसली, तर ती जिवाणूजन्य मर. ती धार म्हणजे जिवाणूच. त्यांनी खोडातल्या पाण्याच्या नळ्या तुंबवलेल्या असतात. बुरशीच्या मर रोगात अशी धार येत नाही. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा. अशा रोपावर औषध नाही. भोवतीच्या मातीसकट उपटायचे, आणि त्या वाफ्यात निदान दोन-तीन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा लावायचा नाही. कुंडी असेल तर माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली मेच्या उन्हात महिनाभर तापवायची. जालन्याचे ऊन एवढ्या एका कामासाठी तरी दुवा घेण्याजोगे आहे.

डाळिंबाच्या तेल्याने या राज्यातल्या किती बागा उपटल्या, हे सोलापूर-नाशिकचे शेतकरी सांगतील. तो खैऱ्याचाच भाऊबंद. पानावर तेलकट डाग, फळावर काळा डाग आणि त्यावर तडा. घरच्या कुंडीत तो येतो बहुतेक गुटी कलमातून, म्हणून कलम कुठल्या झाडाचे ते विचारा. गुलाबाच्या बुडाशी ओबडधोबड गाठ आली तर तीही एका जिवाणूची करणी. झाड काढून टाकलेले बरे. मात्र या गाठीवाल्या जिवाणूचा आपल्या गावाशी वेगळाच संबंध आहे. स्वतःचा जनुक झाडाच्या पेशीत सरकवण्याची कला त्याला येते. शास्त्रज्ञांनी तोच हमाल म्हणून वापरला. २००२ मध्ये देशात मान्यता मिळालेले पहिले बीटी कापूस वाण जालन्याच्या महिको कंपनीचे, आणि त्यातला जनुक मुळात कपाशीत पोचवला तो याच जिवाणूच्या पाठीवरून.

मोसंबी-लिंबाचे पान एका बाजूला पिवळे आणि दुसऱ्या बाजूला हिरवे, असे वेडेवाकडे रंगले तर मात्र ते साधे खत कमी पडणे समजू नका. खताच्या कमतरतेचा पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना सारखा असतो. वेडावाकडा असेल, फळही एका अंगाने खुरटून देठाकडे पिकले तरी टोकाशी हिरवेच राहत असेल, तर ग्रीनिंग असू शकते. हा जिवाणू सिला नावाची बारीक कीड पसरवते आणि त्यावर उपाय नाही. पाने घेऊन कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. आपले केंद्र खरपुडीला आहे.

आमचे झाड पूर्ण बरे नाही. दर पावसाळ्यात थोडे डाग येतात, मेमध्ये मी छाटतो. लिंबे मात्र पूर्वीएवढीच लागतात. शेजारच्या काकूंनी पहिल्या वर्षी भीत भीत विचारले होते, डागाची लिंबे खाल्ली तर काही होते का? काही होत नाही. हा जिवाणू माणसाच्या वाटेला जात नाही. फवारणी झाली असेल तर पंधरा-वीस दिवस थांबावे, लिंबे चोळून धुवावीत, इतकेच. बाजारात त्यांना कोणी भाव देत नाही हे खरे, पण लोणच्याला साल तेवढी खरवडून घेतली की बरणीत कोणते लिंबू डागाचे होते, ते काकूंनाही ओळखू येत नाही.